गुंडी चुकलेली मुलगी

लियूवान गावात चित्रं समजावून सांगायचं काम फान सूयिंगकडे आलं ते तिच्या आवाजामुळे. शेतात ती कुचकामी होती. भाताची रोपं लावताना तिची ओळ भरकटत जाई, आणि खांद्यावर कावड घेऊन बांधावरून चालताना पहिल्याच महिन्यात ती तीनदा चिखलात बसली होती. पण शांघायच्या शाळेत कमावलेला तिचा आवाज तुतीच्या झाडांपलीकडे, तळ्याच्या काठापर्यंत स्वच्छ पोचायचा. गावची सामूहिक शेती चालवणाऱ्या ब्रिगेडचे सेक्रेटरी होउ म्हणाले, "हिला चिखलातून काढा आणि चित्रांपुढे उभी करा. निदान रोपं तरी वाचतील."

तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची होती. एकोणीसशे अडुसष्टच्या हिवाळ्यात शहरातली मुलं शेतकऱ्यांकडून शिकायला म्हणून गाड्या भरभरून खेड्यांत पाठवली गेली, त्यांतच ती आनह्वी प्रांतातल्या ह्या गावी येऊन पडली होती. बाकीच्या मुलांना घरून पत्रं येत, खाऊचे डबे येत. तिला काही येत नसे. का येत नाही, असं तिला कोणी विचारत नसे.

दर वर्षी, जुन्या पंचांगाच्या नव्या वर्षाआधी महिनाभर, जिल्ह्याच्या पुस्तकाच्या दुकानातून हातगाडीवर पोस्टरांच्या सुरळ्या येत. खळ्यावर दोन तुतींच्या मध्ये दोरी बांधून सूयिंग ती चित्रं कपडे वाळत घालावेत तशी चिमट्यांनी लावी. माणसं घरून आपापली बुटकी स्टुलं घेऊन येत. बायका बुटांचे तळवे शिवत बसत. जाड कापडातून दोरा ओढल्याचा सरसर आवाज सगळा वेळ चालू असे. हातात बोरूची काठी घेऊन सूयिंग सुरुवात करी. चित्र वाचायची एक रीत ठरलेली होती. पहिल्यांदा सूर्य. मग झेंडा: तो कुठल्या बाजूला फडफडतो ते पाहा, वारा पूर्वेचाच असतो. मग चेहरे: त्यांच्यावर सावली नसते, कारण उजेड त्यांच्या आतूनच येतो. मग डोळे: ते आपल्याकडे पाहत नाहीत, चौकटीबाहेर वर कुठेतरी पाहतात, तिथे उद्या आहे. मग हात, खऱ्या हातांपेक्षा मोठे. शत्रू असलाच तर खाली कोपऱ्यात, हिरवट-करडा, उंदराएवढा. आणि शेवट पायांशी. पाय जमिनीत घट्ट रोवलेले.

"पोरी," पुढच्या रांगेतून छू आजी विचारी, "ह्या बाईच्या कवेत आहेत तेवढी कणसं आमच्या अख्ख्या शेतात नाहीत. हिनं खत कुठलं घातलं?"

"आजी, ही पुढच्या वर्षीची कणसं आहेत."

"मग मी टाळ्या पुढच्या वर्षीच वाजवते."

माणसं हसत. सेक्रेटरी होउ खोकल्याचं निमित्त करून हसत. छू आजी तीन पिढ्यांची भूमिहीन, म्हणजे नव्या राज्यात सगळ्यांत मानाची. तिला बोलणार कोण?

सूयिंगही हसे, पण तिचं लक्ष चित्रातल्या गालांवर असे. प्रत्येक नवी सुरळी उलगडताना ती आधी खालची कड बघायची. चित्राखाली चित्रकाराचं नाव नसायचं. 'सामूहिक निर्मिती' एवढंच छापलेलं. त्या दोन शब्दांमागे तिचे वडील कुठेतरी असतील, असं तिला वाटे.

फान बोन्यान हे जुन्या वळणाचे चित्रकार. पूर्वी ते सिगारेटच्या आणि कापडाच्या कंपन्यांच्या कॅलेंडरांवर नाजूक, गोऱ्या बायका काढत. राज्य बदललं तसे ते एका प्रकाशनगृहात नव्या वर्षाची गुबगुबीत बाळं काढू लागले. कोळशाची पूड बोटाने घासायची आणि वरून पातळ रंग चढवायचा. त्या रीतीने गाल असे उतरत की हात लावून बघावासा वाटे. सूयिंगची आई तिच्या चौथ्या वर्षी गेली. त्यानंतर रोज सकाळी वडील तिच्या कापूस भरलेल्या बंडीच्या गुंड्या लावायला येत आणि ती त्यांचे हात ढकलून "मी, मी" म्हणे. तिची पहिली गुंडी हमखास दुसऱ्या फासात जाई. गळपट्टीचं एक टोक वर, एक खाली. वडील तशीच तिला बोट धरून गल्लीच्या तोंडापर्यंत नेत, आणि शाळेची वाट वळते तिथे गुडघ्यावर बसून सगळ्या गुंड्या सोडून पुन्हा लावत.

सहासष्ट साली ती सोळा वर्षांची होती. शाळेच्या भिंती आरोपांच्या कागदांनी भरून गेल्या होत्या, आणि ज्याच्या घरात जुन्या राज्याचा डाग होता त्याने आधी स्वतःच्या घरावर लिहायचं, असा काळ होता. सूयिंगने मोठ्या कागदावर, मोठ्या अक्षरांत, वडिलांवर लिहिलं. ह्या माणसाशी माझं नातं आजपासून संपलं, असं शेवटी लिहून खाली सही केली. दुसऱ्या दिवशी वडील शाळेच्या आवारात आले. वरच्या मजल्याच्या खिडकीतून ती पाहत होती. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि गेले. त्या दिवसापासून ती शाळेतच राहिली. दोन वर्षांनी आगगाडी सुटली तेव्हा फलाटावर तिच्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं.

पुढे राग ओसरला, आवेश ओसरला, आणि उरलं ते बोलायची सोय नव्हती. कितीदा तिने पत्रासाठी कागद काढला. पण पहिल्याच शब्दाशी अडे. 'बाबा' लिहायचा हक्क तिने स्वतःच लेखी सोडून दिला होता.

एकाहत्तर सालच्या सुरळ्यांत ते चित्र आलं. बर्फाळ पहाट. आठ-नऊ वर्षांची मुलगी, पाठीवर शेण गोळा करायची पाटी, हातात फावडं, लाल बंडी. गाल असे की थंडी लागावी. सूयिंगने चिमटा लावला, दोन पावलं मागे सरकली, आणि बोरूची काठी तिच्या हातातून खाली पडली. मुलीची वरची गुंडी दुसऱ्या फासात होती. गळपट्टीचं एक टोक वर, एक खाली.

ती सूर्यावर बोलली. झेंड्यावर बोलली. काय बोलली ते तिलाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला.

"पोरी, हिची गुंडी चुकलीय की गं!"

दोरे ओढायचे थांबले. माणसं पुढे वाकली. "खरंच की," कोणीतरी म्हणालं, आणि लगेच मान खाली घातली. कारण चित्रात चूक नसते. चूक असली तर ती करणारा असतो, आणि त्याला शोधून काढणारी माणसं असतात. दोनच वर्षांपूर्वी जिल्ह्यात एका मास्तराला भिंतीवरचा सूर्य जरा कलंडलेला रंगवला म्हणून महिनाभर झाडाखाली उभं केलं होतं. सेक्रेटरी होउ सूयिंगकडे पाहत होते. त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता.

सूयिंगने काठी उचलली आणि मुलीच्या गळ्यावर ठेवली.

"चुकलेली नाही, आजी," ती म्हणाली. तिचा आवाज तळ्यापर्यंत गेला. "ही पोर अंधारात उठली. घरात दिवा लावायलाही थांबली नाही. ब्रिगेडच्या शेतात खत कमी पडतंय, हाच विचार डोक्यात. अंगावर काय घातलंय, गुंडी कुठे गेली, हे बघायला तिला सवडच कुठे होती? जिची गळपट्टी सरळ आहे ती आधी स्वतःकडे बघते. हिने स्वतःकडे बघितलंच नाही."

होउंनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात चित्र वाचणं!"

छू आजीने बराच वेळ चित्राकडे पाहिलं. "माझा म्हातारा जन्मभर विजार उलटी घालायचा," ती म्हणाली. "तो एवढा पुढारलेला होता हे आज कळलं."

त्या रात्री सूयिंगला गाढ झोप लागली. आपण बाबांना वाचवलं, असं तिला वाटत होतं. आणि त्याहून मोठं म्हणजे, त्यांनी आपल्याला हाक मारली होती. लाखो भिंतींवर चिकटवलेली, कोणाच्याही लक्षात न येणारी एक हाक.

तिचं बोलणं जिल्ह्यात पोचलं. तिला आजूबाजूच्या तीन कम्यूनमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या गावगटांमध्ये, त्याच चित्रापुढे उभं केलं गेलं. वसंत येईपर्यंत लियूवानच्या पोरी गुंड्या चुकवून कामावर येऊ लागल्या होत्या. काहीजणी घरून नीट गुंड्या लावून निघत आणि बांधाच्या वळणावर सोडून पुन्हा तिरक्या लावत. छू आजी दारात बसून म्हणे, "आता मुलाकडच्यांनी ओळखायचं कसं, पोरगी कामसू आहे की वेंधळी?"

पुढच्या वर्षीच्या चित्रांत ती मुलगी पुन्हा आली. थोडी मोठी, धरणाच्या कामावर, आणि गळपट्टी तिरकीच. सूयिंगने आपल्या वाट्याची प्रत खोलीच्या भिंतीला लावली नाही. ती गुंडाळून गादीखाली ठेवली. त्र्याहत्तरमध्ये मुलीच्या मागे एक घर होतं आणि त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. चूल पेटलेली आहे, असं सूयिंगने वाचलं. चौऱ्याहत्तरमध्ये घराचं दार उघडं होतं. ते चित्र तिने इतक्यांदा उलगडलं की घडीवर कागद फाटला. दार उघडं. आत अंधार नव्हता, पिवळा उजेड होता. खळ्यावर ती ह्या दाराबद्दल लोकांना सांगायची की आपल्या गावांत आता चोर उरले नाहीत, म्हणून दार उघडं. आणि बोलताना तिची काठी त्या दारावरून हलायची नाही. लोकांना वाटायचं, काय तळमळ आहे पोरीची.

गावातल्या पंपाच्या मिस्त्रीने तिला मागणी घातली, तेव्हा तिने नाही म्हटलं. इथे लग्न केलं तर शहरात परतायची वाट कायमची बंद, हे सगळ्यांना माहीत होतं. तिला दार दिसत होतं.

पंच्याहत्तर सालच्या चित्रात मुलीची गळपट्टी सरळ होती. पाचही गुंड्या जागच्या जागी.

सूयिंगने चित्र उलटं धरून पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं. बोटांत, बुटांच्या बंदांत, मागच्या पॉप्लर झाडांच्या रांगेत शोधलं. काही नव्हतं. सूर्य होता, झेंडा होता, सावली नसलेले चेहरे होते. खळ्यावर ती त्या दिवशीही बोलली, सूर्यापासून पायांपर्यंत. पण मनात एकच हिशोब चालू होता: बाबा गेले असतील, किंवा त्यांनी वाट पाहणं सोडलं असेल. चार वर्षं हाका मारल्या, ही आली नाही; मग माणूस हाक मारायचं थांबतो. यांतलं जास्त वाईट काय, ते तिला ठरवता येईना. त्यानंतरची चार वर्षं तिने चित्रांकडे नोकरीसारखं पाहिलं.

एकोणऐंशीच्या वसंतात परतायची परवानगी मिळाली. ती एकोणतीस वर्षांची होती. छू आजीने दहा उकडलेली अंडी बांधून दिली आणि विचारलं, "तिकडे बाप आहे ना गं?"

"माहीत नाही, आजी."

"मग आधी ते बघ. बाकी सगळं नंतर."

शांघायमध्ये त्यांच्या जुन्या घरात दुसरीच तीन कुटुंबं राहत होती. म्हणून सूयिंग सरळ प्रकाशनगृहाच्या फाटकाशी गेली. पहारेकऱ्याने आत निरोप धाडला, आणि बाह्यांवर निळ्या खोळी चढवलेली, पंचावन्नच्या पुढची एक बाई हात पुसत बाहेर आली. वेई मावशी. सूयिंग लहान असताना तिला ह्याच बाई वडिलांच्या कार्यशाळेत रंगांच्या रिकाम्या वाट्या खेळायला देत.

"अगं बाई! सूयिंग? किती काळवंडलीस! आहेत, आहेत, तुझे वडील आहेत," मावशींनी तिचा दंड धरला. "मागच्या वर्षी त्यांचं नाव स्वच्छ झालं. खोली मिळाली, पेन्शन मिळाली. रडू नकोस इथे, हा पहारेकरी चांभारचौकशा करतो."

सूयिंगने बगलेतल्या सुरळ्यांची दोरी सोडली. तिला राहवलंच नाही. "मावशी, ही बाबांची ना? ही मुलगी?"

मावशींनी पहिलं चित्र पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "ही अवदसा! तू कुठून आणलीस? अगं, ही माझी. तुझे वडील अडुसष्टनंतर कुंचल्याला शिवलेले नाहीत. त्यांना फरशा पुसायला लावलं होतं."

"पण गाल..."

"त्यांनीच शिकवलेले. त्यांच्याएवढे नाहीत उतरत. आणि ही गुंडी! घाईत चुकली, आणि छापून दोन लाख प्रती बाहेर गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी तर अंथरूण-पांघरूण बांधून ठेवलं होतं, आज न्यायला येतील, उद्या येतील म्हणून. मग काय झालं ठाऊक आहे? आनह्वीहून पत्र आलं. तिकडच्या कोणा शहरी पोरीने लोकांना सांगितलं म्हणे, की ही मुलगी कामाच्या ओढीने अंधारात निघाली म्हणून गुंडी चुकली. आमचे वरचे खूष! मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. हुकूम सुटला, दर वर्षी गळपट्टी तिरकीच काढायची. पंच्याहत्तरमध्ये दुसरे वरचे आले, त्यांना तो गबाळेपणा वाटला, मग सरळ केली." मावशी हसत होत्या. "त्या पोरीचे पाय धरायला हवेत मी. कोण होती कोण जाणे."

सूयिंगने दोरी पुन्हा बांधली. गाठ बसत नव्हती.

"आणि ते घर, मावशी? उघडं दार?"

"कसलं दार? ती उजवी बाजू रिकामी दिसत होती."

पत्ता घेऊन ती निघाली. गल्ल्यांतून कपडे वाळत घातलेल्या काठ्या डोक्यावर आडव्या आल्या होत्या. खळ्यावर उभी राहून ती एक वाक्य बोलली होती. ते वाक्य शांघायला जाऊन, रंग चढवून, तिच्याकडेच परत येत राहिलं, आणि तिने ते उशाशी घेऊन वर्षं काढली. त्या सगळ्या काळात वडील कुठल्यातरी ओल्या फरशीवर वाकलेले होते, आणि त्यांच्याकडून तिला एक अक्षरही आलेलं नव्हतं.

ते जिन्याखालच्या सामाईक नळाशी बसून शेंगा सोलत होते. केस पांढरे झाले होते.

"कोण?"

"मी. सूयिंग."

हातातली शेंग त्यांनी पूर्ण सोलली. दाणे भांड्यात टाकले. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. "वर चल. तिसरी पायरी सोड, मोडकी आहे."

खोलीत एक खाट, एक टेबल, गरम पाण्याची एक बाटली. कुठून सुरुवात करावी ते सूयिंगला कळेना, म्हणून तिने चित्र टेबलावर उलगडलं. वडील वाकले. नाक कागदाला लागेल इतके वाकले.

"गालाला घाण पाणी लागलंय."

"वेई मावशींचं आहे."

"तरीच. दहादा सांगितलं होतं, वाटी बदल म्हणून."

"बाबा, मला वाटलं होतं ही मी आहे."

त्यांनी चित्राकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे. "तुझे गाल एवढे कधीच नव्हते. काटकुळी होतीस."

"आणि गुंडी?"

"ती चूक मी पहिल्याच दिवशी पाहिली. चित्र सुकत ठेवलं होतं, मी खाली फरशी पुसत होतो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"फरशी पुसणाऱ्याला कोण विचारतं?"

तिच्या मनाने लगेच बोरूची काठी उचलली. पाहिलं, आणि सांगितलं नाही. म्हणजे राहू दिली. का राहू दिली? म्हणजे त्यांना आठवलं असणार, म्हणजे... तिने स्वतःला हे करताना पकडलं. सूर्यापासून पुन्हा सुरुवात होणार होती. तिने चित्रावरचा हात काढला. कागद आपोआप गुंडाळला गेला आणि टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला.

"बाबा, तुम्ही माझ्यावर रागावला होतात?"

"हो."

इतकं स्पष्ट तिच्याशी गेल्या तेरा वर्षांत कोणी बोललं नव्हतं. ती खाटेच्या कडेवर बसली.

"त्या कागदावरचं बाकी सगळं तुला कोणीतरी सांगितलेलं होतं," वडील सावकाश म्हणाले. "ते दिसत होतं. सगळ्या भिंतींवर तेच लिहिलेलं होतं. पण रंगवताना मी गुणगुणतो, तेही तू लिहिलंस. भांडवलदारांच्या बायका रंगवताना ह्याला आनंद होत असे, ह्याचा पुरावा म्हणून. ते घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. ते वाक्य तुझं होतं."

"हो," ती म्हणाली. "माझं होतं."

"त्यानंतर मी गुणगुणलो नाही."

खाली नळावर कोणीतरी बादली भरत होतं. बादली भरली, नळ बंद झाला.

"आणि आता?" तिने विचारलं. "आता रागावलेले आहात?"

ते टेबलापलीकडे बसले. त्यांचा हात टेबलावर पुढे सरकला, आणि मध्यावर थांबला. त्याच्या अलीकडे पाण्याची बाटली होती, पलीकडे ती.

तीन कम्यूनमध्ये तिच्याइतकं चित्र वाचणारं कोणी नव्हतं. तिने त्या हाताकडे पाहिलं आणि काही वाचलं नाही.

"बाबा, पाणी देऊ का?"

"नको," ते म्हणाले.

हात तिथेच होता.